सोडतीतली दोरी

दहा दुभत्या म्हशींपैकी चार एकट्या माळी आळीत गेल्या आणि चंद्रसेन राजाचं जेवणावरचं मन उडालं.

त्याची राजधानी लहानशीच, शंभर घरांची, ओळीने दहा-दहा घरांच्या दहा आळ्या. दर दसऱ्याला राजा दहा म्हशी वाटायचा. भांडण नको म्हणून सोडत काढायची. घरांचे आकडे कोरलेले शंभर लाकडी बिल्ले रांजणात टाकायचे, आणि राजबागेचा माळी बहिरू याने डोळ्यांवर फडकं बांधून त्यांतले दहा काढायचे. यंदा निघाले ते असे: पाच, आठ, एक्केचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव. आठनंतर एकदम एक्केचाळीस! मधल्या तीन आळ्यांना शेणसुद्धा मिळालं नाही. त्या आळ्या वाड्यावर चालून आल्या.

त्यातून राजाला टापटिपीचं वेड. जेवताना लाडूसुद्धा ताटात सारख्या अंतरावर लागत. त्याने बहिरूला बोलावलं आणि विचारलं, की सगळा रांजण सोडून तुझी बोटं नेमकी चाळिशीतच कशी घुटमळली? आकडे कोरलेले आहेत, ते चाचपून वाचता येतात, हे आम्हाला कळत नाही असं वाटलं का?

बहिरू गयावया करू लागला, की माझं घर पंचेचाळिसावं, मला तर काहीच लागलं नाही.

“तीच तर तुझी चलाखी,” राजा म्हणाला, आणि बहिरूची रवानगी कोठडीत झाली.

बहिरूची मुलगी हौसा शेजारच्या नव्या म्हशीला आंबोण घालत होती. बातमी ऐकताच हात पदराला पुसत ती तडक दरबारात आली. राजाने तिचं म्हणणं ऐकून घेतलं, पण ऐकून घेणं वेगळं आणि पटणं वेगळं. त्याने फर्मावलं, की तुझ्या बापाने बिल्ले चाचपले नाहीत हे सिद्ध कर. साक्षीदार चालणार नाही, शपथ चालणार नाही. दिवस मावळेपर्यंत जमलं नाही, तर बापलेक दोघं वेशीबाहेर.

प्रधानाला तिची कीव आली असावी. तो हळूच म्हणाला, “महाराज, न केलेली गोष्ट केली नाही, हे कसं दाखवायचं?”

“तो तिचा प्रश्न,” राजा म्हणाला.

हौसाने सांगितलं, की माणसाने निवडून ठेवलेले आकडे आणि आपोआप हाताला आलेले आकडे, यांची तोंडं वेगळी असतात. मला ती ओळखता येतात. महाराजांनी डोळे बांधून स्वतःच्या हाताने दहा बिल्ले काढावेत आणि एका ताटात ठेवावेत. मग उघड्या डोळ्यांनी, खरी सोडत दिसावी तसे दहा निवडून दुसऱ्या ताटात ठेवावेत. मी बाहेर उभी राहते. आत आल्यावर कुठलं ताट कसं भरलं ते सांगते. चुकले, तर दिवस मावळायचीही वाट बघत नाही.

राजाला पैज म्हटली की राहवत नसे. हौसा बाहेर गेली. प्रधानाने राजाचे डोळे बांधले, बोटांवरही जाड पट्टी गुंडाळली, आणि राजाने दहा बिल्ले काढले. दुसरं ताट भरायला मात्र त्याने फार वेळ घेतला. एक ठेवायचा, मागे सरून बघायचा, उचलायचा, दुसरा ठेवायचा. पोरीला फसवायचं म्हणून मुद्दाम जरा वेडेवाकडे निवडायचे, पण बेशिस्त दिसू द्यायचे नाहीत! शेवटी स्वतःवरच खूश होऊन त्याने हौसाला आत बोलावलं.

एका ताटात होते तीन, सोळा, चोवीस, सदतीस, अठ्ठेचाळीस, बावन्न, पासष्ट, एकोणऐंशी, एक्क्याऐंशी, चौऱ्याण्णव. दुसऱ्यात सतरा, अठरा, वीस, छत्तीस, एकोणचाळीस, अठ्ठावन्न, एकोणसाठ, बासष्ट, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव.

हौसाने पहिल्या ताटाकडे बोट केलं. “हे महाराजांनी निवडलेलं.”

राजाची मिशी हलली. “कशावरून?”

“यात दोरी लावलीय, महाराज. बागेत झेंडूची रोपं आम्ही दोरी लावून लावतो, म्हणून ती सारख्या अंतरावर उभी राहतात. मेथीचं बी मात्र मुठीने फेकतो. ते कुठे दाट पडतं, कुठे वाफा टकला राहतो. बी काही शेजाऱ्याला विचारून पडत नाही. तुमच्या या ताटात प्रत्येक दहाईतून एकेक आकडा शहाण्यासारखा उभा आहे. नशिबाला कुठली एवढी शिस्त?”

“आणि आपोआपच सारखे पसरून आले असते तर?”

“येतातही क्वचित. तो धोका पत्करूनच आत आले.”

राजा हट्टी खराच. दोन्ही ताटं त्याने पुन्हा पुन्हा पाहिली. मग म्हणाला, की आकडे तू ओळखलेस, ते मान्य. पण म्हणून तुझ्या बापाने लबाडी केली नाही, हे कसं सिद्ध झालं? एकाच आळीत चार म्हशी म्हणजे संशय येणारच.

“येणारच,” हौसा म्हणाली आणि दुसऱ्या ताटातले तीन बिल्ले तिने बाजूला सरकवले. सतरा, अठरा, वीस. “ही तिन्ही घरं बुरूड आळीतली. महाराजांनी स्वतःच्या हाताने काढली. आता एवढंच सांगा, बुरूड आळीत महाराजांचे सोयरे कोण?”

प्रधानाने उपरण्यात तोंड लपवलं. राजा बोटांवरच्या पट्टीकडे बघत राहिला, मग ताटाकडे, मग हौसाकडे. आणि एकदम असा हसला, की त्याचा शिस्तीत बांधलेला फेटा कानावर घसरला, आणि तो त्याने सरळही केला नाही.

बहिरूला त्याच पावली कोठडीतून आणलं. राजाने स्वतःच्या खांद्यावरची शाल त्याला पांघरली, आणि नदीकाठचा बागेचा एक तुकडा हौसाच्या नावे करून दिला.

“त्यात काय हवं ते पेर,” तो म्हणाला. “फक्त दोरी लावू नकोस. मला बघायला यायचंय.”