कोष्टी आणि त्याचा कैवारी

फार जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या न्यायाचा मोठा बोलबाला होता. प्रत्येक आरोपीला दरबारातर्फे एक कैवारी मिळे आणि तो त्याची बाजू मांडे. आरोपीने मात्र निकाल लागेपर्यंत तोंडात विडा धरून उभं राहायचं. विडा बाहेर काढला, की गुन्हा कबूल! कधीकाळी कुणा आरोपीने भर दरबारात राजाला शिव्या हासडल्या होत्या, तेव्हापासूनची ही रीत.

एकदा राजाच्या कोठारातून तांदळाचं पोतं चोरीला गेलं आणि शिपायांनी एका गरीब कोष्ट्याला धरलं. हा बिचारा त्या दिवशी सहा कोसांवर, बहिणीच्या घरी, भाचीच्या बारशाला गेला होता. साऱ्या गावाने त्याला तिथे पाहिलं होतं. कर नाही त्याला डर कशाला, असं त्याला वाटलं.

त्याची बायको कैवाऱ्याकडे धावली. "दादा, हे त्या दिवशी इथं नव्हतेच हो! माझ्या नणंदेला बोलावून विचारा."

"बाई, साक्षीपुराव्याने महाराज कंटाळतात," कैवारी मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "भुकेचं सांगितलं की त्यांना पाझर फुटतो. तुम्ही निर्धास्त राहा."

दरबारात त्याने आवाज लावला. "महाराज, याने चोरी केली, पण पोटासाठी केली! घरात चूल पेटत नव्हती!"

राणीने डोळ्यांना पदर लावला. कोष्टी घामाघूम झाला. बोलावं तर गुन्हा कबूल, आणि गप्प बसावं तर हा शहाणा कबूल करून मोकळा! तो जोरजोराने मान हलवू लागला. राजाला वाटलं, पश्चात्ताप झालाय.

"याचा हात आम्ही माफ करतो," राजा गहिवरून म्हणाला. "फक्त उजवा अंगठा तोडा."

निकाल लागला, तसा कोष्ट्याने विडा थुंकला. "महाराज, मी बहिणीकडे होतो हो! अंगठा गेल्यावर मी विणू कसा?"

"मग आधी का नाही बोललास?" राजाने विचारलं. हे विचारताना त्याला लाज वाटली नाही, आणि ऐकताना दरबारालाही नाही.

अंगठा गेला. माग बंद पडला. कैवाऱ्याने रचलेली भूक महिन्याभरात खरी झाली आणि कोष्ट्याच्या घरची चूल खरोखरच विझली.

यातून घ्यायचं ते इतकंच: ज्याच्यावर आळ आहे त्याचंच ऐकून न घेता दाखवलेली दया, हाही अन्यायच.