पहिले हजार किलोमीटर

एकदा एका घाटाखालच्या गावात एक वृद्ध मिस्त्री राहत असे. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं ओळखी. त्याच्याकडे एक तरुणी ही विद्या शिकत होती. गावातल्या एका व्यापाऱ्याने शर्यतीसाठी परदेशी बनावटीची नवीकोरी मोटारसायकल आणली आणि मिस्त्रीच्या स्वाधीन केली. म्हणाला, "महिन्यावर शर्यत आलीय. गाडीवर तुमची ही शिष्या बसेल. पण नीट पळवली नाही, तर दुसरा कुणी बघेन!"

शिष्येला अन्न गोड लागेना. गाडीची सारी कुंडली तिला मुखोद्गत. तीनशे चाळीस सीसी, बेचाळीस अश्वशक्ती, सहा गिअर, वजन एकशे त्रेसष्ट किलो. बनवणारी कंपनी पूर्वी शिवणयंत्रं करायची. संस्थापकाने पहिली मोटारसायकल स्वतः डोंगरात चढवून पाहिली होती, हेही ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

"बाबा, आता किल्ली द्या ना!"

मिस्त्रीने किल्ली घेतली, आणि डोंगरावरच्या देवीच्या गुरवाच्या हाती ठेवली. "काका, दहा दिवस पूजेला हिच्यावरून जा. पन्नासच्या पुढे नको, आणि चढावर इंजिन रडवू नका."

धोतर सावरत गुरव म्हणाले, "अहो, हिच्यावर बसायचं की पालथं निजायचं?"

गॅरेजात जमलेले सगळे हसले. शिष्या मात्र रडकुंडीला आली. रोज सकाळी गाडी गुरगुरत घाट चढे आणि इकडे तिच्या हातून पाना गळून पडे. दिवस चालले होते. सराव शून्य. शेठने खरंच दुसरा स्वार आणला तर? शेवटी ती म्हणालीच, "बाबा, वाघाला नांगराला जुंपलंत!"

"नट आवळ," मिस्त्री म्हणाला.

पाचशे किलोमीटर झाले. मिस्त्रीने इंजिनाचं तेल एका स्टीलच्या थाळीत काढलं आणि थाळी उन्हात धरली. काळसर तेलात बारीक, चंदेरी कण चमकत होते.

"हे काय, बाबा?"

"धातूची भुकटी. नव्या जात्याचं पहिलं पीठ आपण खातो का गं? टाकून देतो, कच असते त्यात. इथेही तसंच. पिस्टन आणि सिलिंडर कितीही निगुतीने घडवलेले असोत, एकमेकांना परकेच असतात. हळूहळू घासत त्यांची ओळख होते. आधीच दामटलं, तर ओळख न होता ओरखडे पडतात, आणि ते जन्मभर राहतात. पहिले हजार किलोमीटर हे गाडीचं व्रत आहे. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय हे. तू अंकांचं पान पाठ केलंस, आणि हे पान उलटून गेलीस."

शिष्येने ती थाळी जपून बाजूला ठेवली.

नवं तेल भरून होतं न होतं, तोच व्यापारी चार पाहुणे घेऊन आला. "चल गं, पाहुण्यांना दाखव जरा. एकशे चाळीसला काटा टेकव!"

हीच तर घडी तिने दहा दिवस मागितली होती. तिने मिस्त्रीकडे पाहिलं. तो चिंधीने हात पुसत होता, मान वर करीना.

"नाही, शेठ," ती म्हणाली. "अजून पाचशे किलोमीटर राहिलेत."

"म्हणजे? मग मी दुसरा बघू?"

"बघा. पण त्यालाही आत्ता पळवू देऊ नका." आणि तिने थाळी पुढे केली. "ही धातूची भुकटी. आत्ता दामटलं, तर इंजिनाला जन्मभराचे ओरखडे पडतील."

व्यापारी वाकला. पाहुणेही वाकले. व्यापाऱ्याने तेलात बोट बुडवून ती चकाकी उजेडात धरली.

"शर्यतीच्या दिवशी तरी हो म्हणशील ना?" तो हळूच म्हणाला.

ते गेल्यावर मिस्त्रीने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"आज मला?"

"उरलेले पाचशे तुझे. इतके दिवस तुला नाही म्हणता येत नव्हतं, पोरी."

ती निघाली. घाटात गवताने लदलेला ट्रॅक्टर डुलत पुढे चालला होता. ती त्याच्या मागे इंजिनाचा आवाज ऐकत राहिली, आणि त्याच्या पुढे जावंसं तिला वाटलं नाही.