हशात बुडालेली ओळ

तालुक्याच्या एका गावात पुस्तिका लिहून पोट भरणारा एक माणूस राहत होता. पुस्तिका गोष्टींच्या नव्हेत, यंत्रांच्या. त्याचे नाव श्रीरंग ठोसर. गावात अंडी उबवण्याची यंत्रे बनवणारा एक लहानसा कारखाना होता. यंत्र म्हणजे कपाटाएवढी पेटी. तिच्या पोटात छोटा संगणक आणि संगणकात सॉफ्टवेअर. कोंबडीने एकवीस दिवस बसून करायचे काम ते सॉफ्टवेअर करी. ऊब राखी, हवेतला ओलावा राखी, अंडी फिरवी आणि दिवस मोजी. ते कसे वापरायचे, हे गावोगावच्या माणसांना समजेल असे लिहून देणे हे श्रीरंगचे काम होते.

आधीची पुस्तिका एका इंजिनिअरने लिहिली होती. ती अगदी बरोबर होती आणि एकही माणूस ती वाचत नव्हता. कुणी ती पेटीच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. कुणी तिच्या पानांत शेंगदाणे बांधून मुलांना दिले. मग दिवसभर कारखान्यात फोन वाजत. तीच ती विचारणा आणि तीच ती उत्तरे. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचे? मालकांनी हात टेकले आणि पुस्तिका नव्याने लिहायला श्रीरंगला सांगितले.

श्रीरंग मुळातच थट्टेखोर. पंगतीत तो शेजारी बसला तर घास घशाशी अडकायचा. त्याने पुस्तिकेतही थट्टा आणली. 'पेटीचे दार दर पाच मिनिटांनी उघडून बघू नये. अंडी लाजतात.' 'पाण्याचा ट्रे कोरडा ठेवू नये. पिलू बाहेर येऊन आधी तुमच्या नावाने ओरडेल.' 'इशारा: हिरवे आणि लाल बटण एकदम दाबू नये. मगरी निघाल्यास कारखाना जबाबदार नाही.'

आणि काय सांगावे, लोक वाचू लागले! फोन निम्म्यावर आले. दार उघडायला कुणी गेले तर शेजारचा ओरडे, "अरे, लाजतील ती!" आणि दार बंद राही. श्रीरंगच्या लिहिण्याने खरोखर भले झाले होते, हे कबूल केलेच पाहिजे. बाजारात लोक त्याला थांबवून त्याचीच वाक्ये त्याला ऐकवत. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढे.

पण त्या सॉफ्टवेअरला एक वाईट खोड होती. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की ते चालू दिवस विसरे आणि मोजणी पहिल्या दिवसापासून धरी. आता कोंबडी पाळणाऱ्या कुणालाही विचारा. पहिले अठरा दिवस अंडी फिरवावी लागतात. शेवटचे तीन दिवस त्यांना हलवायचे नसते आणि हवा चांगली दमट ठेवायची असते. त्या दिवसांत पिलू आत तोंड वळवून बाहेर यायच्या तयारीत असते. तेव्हा दिवसाचा आकडा चुकला तर सगळेच चुकले. सॉफ्टवेअर करणारे म्हणत, पुढच्या आवृत्तीत ही खोड काढू. तोवर पुस्तिकेतल्या एका ओळीवर सगळी भिस्त होती.

श्रीरंगने ती ओळ अशी लिहिली: 'इशारा: यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यास ते मागचे सगळे विसरते, निवडून आलेल्या पुढाऱ्यासारखे. सुरू झाल्यावर पडद्यावर चालू दिवसाचा आकडा हाताने भरावा.'

गावोगाव यंत्रे बसवून देणारे अंबादास मिस्त्री यांनी ती छापायच्या आधी वाचली. ते हसले. मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "ठोसरसाहेब, ह्यातला पुढारी काढा. इथं नाकापेक्षा मोती जड झालाय."

"अहो, पुढाऱ्यामुळे तर लक्षात राहील!"

"पुढारी राहील. आकडा राहणार नाही. मी लोकांना ही पुस्तिका वाचताना बघितलंय, तुम्ही नाही बघितलं."

श्रीरंगला ते पटले. अगदी मनापासून पटले, म्हणून तर पुढची गोष्ट त्याला आयुष्यभर सलत राहिली. त्याने लाल शाईने पुढारी खोडला आणि कागद घेऊन छापखान्यात गेला. तिथे अक्षरजुळणी करणारे दोघे-तिघे त्याचे चाहते होते. त्यांनी खोडलेले वाचले आणि पोट धरून हसले. "हे काढताय होय? सगळ्या पुस्तिकेत हेच तर एक नंबर आहे!" श्रीरंग जरा वेळ कागद हातात धरून उभा राहिला. मग त्याने स्वतःच्या हाताने पुढारी पुन्हा लिहून टाकला. मिस्त्रींना काय कळते विनोदातले, असे तो वाटेत मनाशी म्हणाला.

डोंगराकडच्या एका वाडीत अकरा बायकांच्या बचत गटाने ते यंत्र घेतले. ते चालवायचे कुणी, यावर बरीच बोलणी झाली. बहुतेकींचे मत कुणाच्या तरी कॉलेज शिकलेल्या सुनेकडे द्यावे असे होते. पण द्वारकाबाई घोलप उभ्या राहिल्या. वय पन्नाशीचे, शिक्षण सातवी, आणि आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात खुरपण्यात गेलेले. "मला शिकवा. मी शिकते," त्या म्हणाल्या. आणि शिकल्या. एकेक बटण वहीत चितारून घेतले. पहिल्या दोन खेपांना सहाशे अंड्यांतून पाचशेच्या वर पिले निघाली. तेव्हापासून उबवणीच्या खोलीची चावी त्यांच्या कमरेला असे. गावात लोक त्यांना मशीनवाल्या काकू म्हणू लागले. असे एखादे नाव मिळायला त्यांना पन्नास वर्षे लागली होती.

दुपारची कामे आटपली की बायका त्या खोलीत येऊन बसत. द्वारकाबाई पुस्तिका मोठ्याने वाचत. रोज तीच पाने आणि रोज तोच हशा. पुढाऱ्याची ओळ आली की सगळ्यांत मोठा हशा होई, कारण सरपंच सगळ्यांच्या नजरेसमोर उभे राहत. कुणी टाळी देई, कुणाला ठसका लागे. त्या गोंधळात द्वारकाबाई दुसरे वाक्य वाचतही असत, पण ते त्यांचे त्यांनाही ऐकू येत नसे. पुढे पुढे तर त्या पुढाऱ्यापाशीच थांबू लागल्या आणि पान उलटू लागल्या.

तिसऱ्या खेपेचा एकोणिसावा दिवस होता. एरवी वीज गेली तर पेटीतली बॅटरी यंत्र चालू ठेवी, पण त्या भर दुपारी वीज लागोपाठ दोनदा गेली आणि आली. पडदा गोठला. कोणतेही बटण चालेना. द्वारकाबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी यंत्र बंद केले, दहा आकडे मोजले आणि पुन्हा सुरू केले. यंत्र सुरू झाले. पडद्यावर आले: दिवस १.

शेवंता नावाच्या शेजारणीने विचारले, "काकू, आज तर एकुणीस ना?"

"अगं, पुढारी झालंय त्ये!" द्वारकाबाई म्हणाल्या. "इसरलंय. यील आपसूक ध्येनात."

सगळ्या हसल्या. आत अंड्यांचे ट्रे पुन्हा डुलू लागले. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता, यंत्र नीट चालल्याचा होता. त्यामुळे कुणालाच काही खटकले नाही.

एकविसाव्या दिवशी पेटीतून चिवचिवाट आला नाही. बाविसाव्या दिवशी अगदी थोडा आला. तेविसाव्या दिवशी द्वारकाबाईंनी कारखान्यात फोन केला. मालक, अंबादास मिस्त्री आणि श्रीरंग जीपने वाडीवर पोचले, तेव्हा अकराही बायका खोलीत उभ्या होत्या. सहाशेतून बत्तीस पिले निघाली होती. बाकीच्या पुष्कळ अंड्यांना बारीक टवका पडलेला होता आणि आत इवलीशी चोच थांबलेली होती. हवा कोरडी पडून आतला पापुद्रा वाळला होता आणि पिले त्यालाच चिकटून गेली होती. श्रीरंगने एक अंडे हातात घेतले. ते अजून उबदार होते, पण आत काही हलत नव्हते. त्याने ते हलकेच ठेवून दिले.

मिस्त्रींनी पडद्यावरचा 'दिवस ५' मालकांना दाखवला आणि ते बाजूला झाले. मालकांनी विचारले, "ठोसर, पुस्तिकेत हे लिहिलं होतं का?"

"लिहिलं होतं," श्रीरंग म्हणाला. खोटे नव्हते. त्याने पान काढून दाखवले. मालकांचा जीव भांड्यात पडला.

द्वारकाबाईंनी त्याच्या हातातून पुस्तिका घेतली आणि ती ओळ मोठ्याने वाचली. पुढाऱ्यापाशी कुणीही हसले नाही. मग त्यांनी दुसरे वाक्य वाचले. त्या खोलीत ते वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तिका मिटली.

"चूक माजीच हाय, सायेब," त्या म्हणाल्या. "तुमी लिवलं व्हतं. आमीच हसत बसलो."

आता खरी वेळ श्रीरंगची होती. चूक माझी आहे, मला मिस्त्रींनी सांगितले होते, मी खोडलेही होते आणि वाहवा मिळावी म्हणून पुन्हा लिहिले, एवढेच त्याला बोलायचे होते. शब्द ओठांपर्यंत आले. पण शेजारी मालक उभे होते. नोकरी होती, नाव होते, बाजारात थांबवून हसणारी माणसे होती. त्याने मान खाली घातली. बघणाऱ्यांना वाटले, साहेबांना वाईट वाटते आहे. मिस्त्री मात्र त्याच्याकडे बघत राहिले आणि मग खोलीबाहेर निघून गेले.

द्वारकाबाईंनी कमरेची चावी काढली आणि गटापुढे ठेवली. कुणी घ्या म्हटले नव्हते. कुणी राहू द्या असेही म्हटले नाही.

श्रीरंगला घरी अन्न गोड लागेना. त्याने पुस्तिका पुन्हा लिहायला घेतली. लाजणारी अंडी तशीच ठेवली, कारण त्यांनी कुणाचे वाईट केले नव्हते. मगरी मात्र काढल्या, आणि जिथे जिथे इशारा होता तिथे तिथे साधी ओळ, एकटी, मोठ्या अक्षरांत लिहिली. मिस्त्रींना दाखवली. त्यांनी वाचली आणि परत दिली. "आता बरोबर आहे," एवढेच म्हणाले. ती पुस्तिका मालकांनी छापली. काम चांगले झाले होते आणि तरी श्रीरंगला चैन पडेना. शेवटी वीस दिवसांनी तो एकटाच एसटीने वाडीवर गेला.

उबवणीच्या खोलीत शेवंता होती. द्वारकाबाई कुठे आहेत, असे त्याने विचारले. ती म्हणाली, कांद्याच्या वावरात खुरपायला गेल्यात. तो बांधावरून चालत तिथे गेला. त्यांनी त्याला ओळखले आणि खुरपे खाली ठेवून पदराने हात पुसले.

श्रीरंगने उभ्या उभ्याच सगळे सांगितले. मिस्त्रींचे, लाल शाईचे, छापखान्याचे. काही लपवले नाही. "दोष माझा होता, बाई. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी गप्प बसलो, तो तर त्याहून मोठा दोष. आज मी गटाला हे सगळं सांगतो. चावी तुम्हाला परत मिळायला हवी."

द्वारकाबाईंनी ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "बाया ऐकतील. वाईट न्हाईत त्या. चावी बी देतील."

"मग चला ना माझ्याबरोबर."

"सायेब, त्या दिवशी बोलला असता तर मी दुसऱ्या दिशीच नवी अंडी लावली असती." त्यांनी खुरपे उचलले. "आता रोज सपनात ती चोच दिसती. परवा शेवंतानं बोलावलं व्हतं, निस्तं एक बटन दाबायला. दारातनंच माघारी आले. न्हाई जमलं."

श्रीरंगने गटाला सगळे सांगितले. बायकांनी ऐकले, हळहळल्या, आणि दोघीजणी लगेच चावी घेऊन वावराकडे गेल्या. थोड्या वेळाने त्या चावी तशीच घेऊन परत आल्या. संध्याकाळची एसटी यायला अजून वेळ होता. रस्त्यावर उभे राहिले की कांद्याचे वावर दिसत होते. द्वारकाबाई ओळीत बसून खुरपत होत्या, आणि एसटी येईपर्यंत त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

तात्पर्य: हसवून शिकवावे, पण जिथे चुकले तर जीव जातो तिथली ओळ साधीच ठेवावी; आणि आपल्या शब्दांचा दोष दुसऱ्याने अंगावर घेण्याआधी आपण घ्यावा, कारण उशिरा दिलेल्या कबुलीने मान परत मिळते, मोडलेली उमेद मिळत नाही.