दाजीरावांची दवंडी

सोनखांब गावात एक होती सगुणा, एक होता तिचा भोळा नवरा, आणि एक होते मिशीला पीळ देणारे दाजीराव. सगुणा चकल्या तळायची, त्यांचे फोटो गावाच्या मोबाइल ग्रुपवर टाकायची, त्यावरच तिचं घर चालायचं. पण ग्रुपचे मालक दाजीराव! कुणी काही टाकलं, की खाली त्यांचा खवचटपणा हजर. चकलीखाली लिहिलं, "ही चकली की गंजलेली स्प्रिंग?" गाव खो खो हसलं आणि सगुणाची गिऱ्हाइकं आटली.

ती त्यांच्याकडे गेली. "दाजी, असं लिहू नका हो."

"अगं, फोनवरचं बोलणं म्हणजे वारा! त्यानं कुणाचं काय बिघडतंय?"

"बरं," म्हणून सगुणा थेट दवंडीवाल्याकडे गेली.

संध्याकाळी दाजीरावांच्याच दारात हलगी कडाडली. "ऐका हो ऐका! दाजीराव लिहितात, तलाठ्याचं टक्कल म्हणजे पालथी कढई! दाजीराव लिहितात, गुरुजी गातात की रेडा रडतो! दाजीराव लिहितात, माझी सासू म्हणजे..."

दाजीराव धोतर सावरत धावले. "थांब, मेल्या! सासूबाई आत जेवतायत!"

सगुणा म्हणाली, "घाबरता कशाला, दाजी? वाराच तर आहे! शब्द तुमचेच, हलगी तेवढी माझी."

दाजीरावांनी उभ्या उभ्या ग्रुपवरचं सगळं पुसलं, सगळ्यांची माफी मागितली. तरी सासूबाई हात धुऊन बाहेर आल्याच. त्यांनी सगुणाच्या डब्यातली चकली जावयाच्या तोंडात कोंबली आणि ती संपायच्या आत ग्रुपवर "खुसखुशीत" असं लिहून घेतलं. वर आपल्या पाचही लेकींच्या दिवाळीच्या चकल्या सगुणालाच सांगितल्या. तेव्हापासून सगुणाची चूल थंड झाली नाही, आणि भोळा नवराही सोऱ्या फिरवायला शिकला.