ताइताची पाठ

एकदा काय झालं, एका राज्यात ताप आला. पाहुणा यावा तसा आला आणि जायचं नावच घेईना. ज्याला चढायचा तो माणूस सातव्या दिवशी, दिवस मावळला की दगावायचा. या, असे माझ्या जवळ सरका.

मग राजाच्या मुलालाही ताप चढला. राजाकडे एक खडा होता, जेडचा. हिरवागार, डोंगराच्या पोटातून निघालेला. दागिन्यात बसवून अंगाला लावला की भाकरी भाजून होईपर्यंत ताप पिऊन टाकायचा. पहिल्या सोनाराने तो सोन्यात बसवला. खडा तापला. दुसऱ्याने तांब्यात बसवला. आणखी तापला, पोराचा ताप काही उतरेना. मग पाचव्या दिवशी राजाने अनशी सोनारणीला बोलावलं. तिचा हात चांदीवर बसलेला होता, आणि चांदी मुळात थंड. नवरा गेल्यावर दुकान तिनेच चालवलं, बरं का. उद्या इथेच, चौकात बसून ताईत घडव, असं राजाने सांगितलं. खडा वाड्याबाहेर जायचा नाही.

अनशीने खड्याचं माप घेतलं आणि घरी आली. घरी तिची बनू पडलेली होती. एकुलती एक लेक, सहा वर्षांची. तिलाही पाचवाच दिवस. मागितला तर राजा खडा देईल होय? अनशीला तसं वाटलं नाही. नवरा गेला तेव्हा तिच्या हिरव्या बांगड्या फुटल्या होत्या. ते तुकडे तिने जपून ठेवले होते. तेच वितळवले आणि हुबेहूब काचेचा खडा केला. राजाचा मुलगा मरेल, हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. आई होती ती, काय सांगू तुम्हाला.

दुसऱ्या दिवशी ती चौकात शेगडीपुढे बसली. चांदी वितळवली, ठोकली, कोंदण घडवलं. आता सोनार काय करतात, अशा खड्याची पाठ उघडी ठेवतात. खडा कातडीला टेकला पाहिजे ना. अनशीने मात्र मागून चांदीचा पत्रा लावायचं ठरवलं. म्हणजे आतली काच कुणाच्या अंगाला लागणार नाही, कुणाला कळणार नाही.

दोन्ही खडे तिने रिठ्याच्या पाण्यात धुवायला टाकले. कुणी बघत नाहीसं पाहून बाहेर काढले, तर कुठला कुठला तेच ओळखेना. मग तिने सोनाराची रीत केली. गालाला लावून पाहिले. खरा गार राहतो, काच ऊब धरते. पण दिवसभर शेगडीपुढे बसून तिचा गालच निखारा झालेला. दोन्ही गारच लागले. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. शेवटी एक ताइतात बसवला, मागून अंगठ्याने पत्रा दाबला. दुसरा अंबाड्यात खोचून घरी आली.

घरी तो चांदीत बसवला, पाठ उघडी ठेवली आणि बनूच्या छातीवर बांधला. मग वाट पाहत बसली. खडा कोमट झाला. मग गरम झाला. सकाळी हात लावला तर चटका बसला. काच होती ती.

अनशीच्या ध्यानात आलं. खरा खडा राजाच्या मुलाच्या गळ्यात होता, पण तिच्याच पत्र्याआड कोंडलेला. म्हणजे इथेही पोर जळत होतं आणि तिथेही. सातवा दिवस उजाडला होता. गप्प राहिली असती तर तिचं नाव कुणी घेतलं नसतं. पण ती उठली आणि वाड्याकडे धावत सुटली.

राजाराणीपुढे तिने सगळं सांगितलं. काच सांगितली, पत्रा सांगितला, बनू सांगितली. मग छिन्नी घेतली आणि एका ठोक्यात पत्रा उडवला. खडा मुलाच्या छातीला टेकला. दुपार व्हायच्या आत मुलाने पाणी मागितलं.

राजाने उडालेला पत्रा उचलला. मग म्हणाला, "ज्या अंगठ्याने पत्रा दाबलास, तो ठेवून जा."

"ठेवते, महाराज," अनशी म्हणाली. "पण दिवस मावळेपर्यंत खडा द्या."

मग राणी उठली. तिने मुलाच्या गळ्यातला ताईत स्वतः सोडला.

अनशी घरी आली तेव्हा हाताला फडकं बांधलेलं होतं आणि ते भिजलं होतं. दिवस पार टेकला होता. डाव्या हाताने तिने ताईत बनूच्या छातीवर धरला. दिवस बुडाला. बनूने श्वास घेतला. मग आणखी एक घेतला.

मग तो खडा घरोघर फिरला आणि ताप राज्यातून गेला. बनू मोठी झाली, चांदी घडवू लागली. अनशी शेजारी बसून तोंडाने शिकवायची. बनूचा पहिला ताईत झाला, तेव्हा अनशीने आधी तो उलटा करून पाहिला.

सगळी सुखात राहिली. काय रे? अंगठा? नाही बाळा, अंगठा काही परत आला नाही. मिटा आता डोळे. आण तुझा गाल इकडे. गार आहे हो, गार आहे. झोपा.