खाडीतला दुहेरी खांब

समुद्राला लागून एक जंगल होतं. तिथे रानगव्यांच्या कुळातले गवोबा महाराज राज्य करत. म्हणजे नेमकं काय करत, ते कुणालाच धड सांगता येत नसे; पण करत होते खरं.

समुद्रात थोडं आत एक काळा खडक होता. अंधारात पोहून परतणारी पोरंबाळं त्यावर आपटत. गोजरी पाणमांजरीचं एक पिल्लू तसंच गेलं. ती दरबारात येऊन म्हणाली, "महाराज, खडकापाशी दिवा लावा हो! उरलेलं एक तरी राहू द्या मला."

महाराजांचे डोळे पाणावले. भाषणाआधी ते पाणावतच.

वारेमंत्री घार म्हणाली, "तिथे वाऱ्यावर फिरणारा पंखा उभारू, त्याच्या जोरावर दिवा लागेल."

"आणि वारा पडला की?" लाटामंत्री खेकडा गुरगुरला. "लाटा तेव्हाही येतात. त्यांच्यावर डुलून दिवा पेटवणारा तराफा हवा!"

दोघं महिनाभर भांडले. शेवटी ठरलं, खांब एकच; वर पंखा, खाली तराफा, दोन्हींच्या जोरावर दिवा. इतका शहाणा निर्णय त्या राज्यात कधी झाला नव्हता, त्यामुळे सगळेच जरा घाबरले.

मग उद्घाटनाचं निघालं.

"भर समुद्रात महाराजांचा फेटा उडेल," घार म्हणाली.

"आणि गालिचा भिजेल," खेकडा म्हणाला.

दोघांचं पहिल्यांदाच न भांडता पटलं. खांब खाडीत हलवला. तिथे वारा नाही, लाट नाही. कार्यक्रमाला अगदी झकास जागा.

"अहो, पण खडक तिकडे आहे!" गोजरी कळवळून ओरडली.

"बाई, विकासाच्या आड येऊ नका," खेकडा तिरका सरकत म्हणाला.

महाराजांनी नारळ फोडला. पंखा ढिम्म. मग माकडांनी गाल फुगवून फुंकर मारली, म्हशींनी पाण्यात उड्या टाकल्या. दिवा लुकलुकला.

"अंधार आम्ही कायमचा हटवला आहे!" महाराज गरजले.

"गवोबा आले, उजेड घेऊन आले!" प्रजा ओरडली.

माकडं दमली, दिवा विझला. त्याच रात्री गोजरीचं दुसरं पिल्लू खडकावर आपटलं. ती उजाडेपर्यंत हाका मारत राहिली. दरबाराने शोकप्रस्ताव मंजूर केला आणि त्यात खडकाचा तीव्र शब्दांत निषेध नोंदवला.

पुढे निवडणूक आली. रिवाजाप्रमाणे सूर्य बुडाल्यावर, खाडीकाठी, पंजे वर करून मतदान झालं. गोजरीने पंजा खालीच ठेवला. तिच्या शेजारणींनीही. पण काळोखात कुणाचा पंजा वर, कुणाचा खाली, काहीच दिसेना. तेव्हा महाराज एकमताने निवडून आल्याचं जाहीर झालं.