एकाच हाताची फुले

एकदा एक नावाजलेला डॉक्टर आपल्या वृद्ध गुरूंच्या भेटीला गेला. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात त्याने अकरावी-बारावी केली होती, त्याला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. माणूस अशा ठिकाणी दोनच वर्षे असतो आणि जन्मभर तिथली ओळख सांगत फिरतो. महोत्सवासाठी महाविद्यालयाचा इतिहास लिहिण्याचे काम माजी विद्यार्थ्यांनी एकमताने डॉक्टरवर सोपवले होते. एकमताने म्हणजे, बाकी कोणालाच सवड नव्हती.

डॉक्टरने मात्र काम जीव ओतून केले. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून तिमजली इमारतीपर्यंतची हकिकत लिहिली, नाव काढलेल्यांची छायाचित्रे जमवली आणि शेवटी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव वर्षवार छापायला घेतले. एकही नाव सुटले नाही, याचा त्याला मोठा अभिमान होता. प्रदर्शनात मांडण्यासाठी त्याने जीवशास्त्राची तीन जुनी जर्नल्सही मिळवली होती. एक त्याचे स्वतःचे, एक त्याच्याच वर्गातल्या शास्त्रज्ञाचे आणि एक बड्या अधिकाऱ्याचे. सरांनी तिथे तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले होते. त्यांचे आशीर्वादाचे चार शब्द मिळाले, की पुस्तक छापखान्यात जाणार होते.

सरांनी हस्तलिखित शांतपणे चाळले. डॉक्टरच्या वर्षाच्या यादीवरून त्यांनी एकदा बोट फिरवले, मग पुन्हा फिरवले. "लिहिलंयस छान," ते म्हणाले. नंतर त्यांनी तिन्ही जर्नल्स उघडून खाटेवर शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींत जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद होता. एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवून ते म्हणाले, "एक वर्तुळ काढ आणि त्यात तिरप्या रेघांनी छाया भर."

डॉक्टरला हसू आले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आपली चित्रकलेची परीक्षा! पण सरांपुढे हुशारी चालत नाही, हे तो विसरला नव्हता. त्याने वर्तुळ काढले आणि छाया भरली. त्याच्या रेघा उजवीकडून सुरू होऊन डावीकडे खाली उतरल्या.

"आता त्या फुलांकडे बघ," सर म्हणाले. "तिन्हींतल्या रेघा उलट्या उतरल्यात. डावखुऱ्या माणसाच्या उतरतात तशा. तुम्ही तिघंही उजवे. मग ही फुलं कोणी काढली?"

डॉक्टरची कानशिले तापली. चौतीस वर्षांत त्याने ते नाव एकदाही उच्चारले नव्हते.

"शेवंतानं," तो म्हणाला.

शेवंता ढोणे त्यांच्याच वर्गात होती. दोन कोसांवरच्या वाडीहून पायी यायची. तिच्या डाव्या हातात अशी काही कला होती, की बेडकाचे आतडेसुद्धा देखणे दिसायचे. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली, की वर्गाला तिची आठवण व्हायची. "शेवंता, एवढं एकच चित्र," असे म्हणत जो तो आपले जर्नल तिच्या पिशवीत कोंबायचा. तिला नाही म्हणणे जमायचे नाही. डॉक्टरने तर शेवटच्या संध्याकाळी अकरा आकृत्या तिच्या गळ्यात मारल्या होत्या आणि सकाळी जर्नल परत घेताना एका पानावर डाग पडला म्हणून कुरकुरही केली होती. त्या मुलीचे स्वतःचे जर्नल कधी पुरे होणार, हे त्याच्या मनातही आले नव्हते.

सर सावकाश बोलू लागले. "जर्नल पुरं असल्याशिवाय पहिल्या पानावर माझी सही नाही, आणि सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही, हा नियम. त्या दिवशी एक्केचाळीस जर्नल्स आली. चाळिसांवर मी सही केली. तिच्या जर्नलमध्ये नऊ पानं कोरी. विचारलं, 'आकृत्या कुठायत?' ती म्हणाली, 'येळ नाही घावला, सर.' अरे, पान बघून झाड ओळखणारा माणूस मी, चाळीस वह्यांतला एक हात ओळखला नसेन? ओळखला होता. पण नियम माझ्या बाजूला होता, आणि मी त्याच्या आड बसलो. तुम्ही सगळे तिच्या मागे रांगेत उभे होतात. एकानंही तोंड उघडलं नाही."

डॉक्टरला ती रांग आठवली. बसेल पुढच्या वर्षी, असे तेव्हा त्याने स्वतःला समजावले होते. पुढचे वर्ष आलेच नाही. बापाने तिला परत पाठवले नाही आणि त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न लावून दिले. ती उत्तीर्ण झाली नाही, म्हणून त्याच्या यादीत ती नव्हती. हे त्याला आत्ता कळले आणि फार लाज वाटली.

"सर, पहिल्याच पानावर तिचं नाव घालतो," तो घाईने म्हणाला. "तिला बोलावू. सगळ्यांसमोर शाल-श्रीफळ देऊ."

"म्हणजे शाल तिच्या अंगावर आणि ओझं उतरणार आपलं!" सर कडवट हसले. "चार वर्षांपूर्वी मी जाऊन आलो तिच्याकडे. म्हटलं, पोरी, माझं चुकलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. पण तिनं चहा केला, समोर बसली आणि विचारलं, 'सर, त्या वर्षी परीक्षेत समद्यास्नी चांगलं मार्क पडलं न्हवं?'"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"पडले म्हटलं. तिला खरंच आनंद झाला रे. तेवढा मला सोसला नाही."

डॉक्टरला त्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते.

"मी काय करू, सर?"

"तिचं गेलेलं वर्ष आपल्याला परत देता यायचं नाही, ही खोटी आशा आधी सोड. कोण कोण पुढं गेलं, ते भिंतीवरच्या फलकावर आहेच. कोणाच्या हातावर पाय देऊन गेलं, ते इतिहासात लिही. मी तिला सही नाकारली, ते लिही. तू रांगेत कितवा होतास, तेही लिही."

डॉक्टरने हस्तलिखिताचे शेवटचे पान उलटले आणि यादीखाली लिहिले, 'त्या दिवशी मी शेवंता ढोणेच्या मागे तिसरा उभा होतो. मला सगळे ठाऊक होते.' पुढचे वाक्य त्याला सुचेना. सरांनी ते वाचले आणि कागद मागून घेऊन त्याखाली स्वतःचे नाव लिहिले.

गप्प राहून आपण ज्या रांगेतून पुढे सरकलो, ती ज्याने त्याने एकदा आठवून पाहावी.